चौऱ्याऐंशी दुकातांचा फरक

१ मार्च १५२९, सोमवार. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून मोजलेला पंधरावा तास. पाने एकशे ब्याण्णव. सर्व कोरी, एकही फाटलेले नाही.

मित्रांनो, ही माझी जन्मनोंद आहे. मी एक जुनी खतावणी आहे. व्हेनिसमध्ये वर्ष मार्चच्या पहिल्या तारखेला सुरू होत असे. त्या दिवशी व्यापाऱ्यांच्या कचेरीतल्या लेखनिकाने माझ्या पहिल्या पानावर वरील ओळ लिहिली आणि खाली शिक्का उठवला. तत्पूर्वी त्याने माझी पाने दोनदा मोजली, एकदा वरून आणि एकदा खालून. मालकाने मधले पान फाडू नये किंवा नवे घुसडू नये, यासाठी ही खबरदारी. माझ्या अंगावर पहिले अक्षर उमटले तेच मुळी संशयाचे. याचे मला दुःख नाही. जिला संशय सोसत नाही तिने खतावणी होऊ नये.

त्याआधी मी चिंध्या होते. कोणाचे सदरे, कोणाच्या चादरी आणि एका बुडालेल्या गलबताचे शीड. गिरणीत हे सारे कुटून त्याचा लगदा झाला, लगद्याचा कागद झाला, कागदाला खळ लागली. मग वासराच्या कातड्याची बांधणी आणि पितळेचे बक्कल. बक्कल घट्ट होते. ते उघडले की आवाज होई, आणि तो व्हावा अशीच योजना होती.

बोर्तोलो आणि वेत्तोर या दोघा भावांच्या साबणाच्या कारखान्यात माझी नेमणूक झाली. खाली कढया उकळत; पुलियाहून आलेले ऑलिव्हचे तेल आणि सीरियाहून आलेली राख यांचा वास जिना चढून माझ्यापर्यंत येई. वरच्या खोलीत आम्ही तिघी राहत होतो. पहिली कच्ची वही. तिच्यात जो येईल तो जे घडेल ते खरडी. दुसरी कीर्द, तिच्यात तोच मजकूर तारखेच्या क्रमाने, नेटका. तिसरी मी. माझ्यात तारखेला मान नसून नावाला मान होता. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक वस्तूला माझ्याकडे समोरासमोरची दोन पाने मिळत: डावे नावे, उजवे जमा.

आमचे दिवाणजी तादिओ यांची या खोलीत अठरा वर्षे गेली होती. त्यांच्या शिस्तीत विश्वासाला जागाच नव्हती, आणि मला ते फार आवडे. रकमा साध्या आकड्यांत लिहायच्या नाहीत, कारण आमच्याकडच्या शून्याला वरून शेपूट जोडले की सहा होतो आणि खालून जोडले की नऊ. म्हणून जुन्या लॅटिन अक्षरांत, म्हणजे रोमन अंकांत लिहायच्या. त्यातही शेवटची उभी रेघ खाली ओढून वळवायची, म्हणजे तिच्यापुढे आणखी एक रेघ कोणाला दडपता येणार नाही. कीर्दीतली ओळ माझ्या डाव्या पानावर उतरली की कीर्दीत त्या ओळीवर एक तिरपी रेघ. उजव्या पानावर उतरली की दुसरी. शेवटी पडताळा: एक डोळा कीर्दीवर, एक माझ्यावर, आणि जुळलेल्या प्रत्येक ओळीशेजारी शाईचे बारीक टिंब. खाडाखोड तर बापजन्मी नाही.

बोर्तोलो मला मांडीवर घेऊन म्हणे, “तादिओ, ही माझी दुसरी बायको. पहिली विचारते, ही विचारायच्या आत सांगते.”

मला एवढीच शाबासकी मिळाली, आणि ती मी जपून ठेवली आहे.

३ एप्रिल १५३२ रोजी बोर्तोलो कढईशेजारी उभा असताना कोसळला, तो पुन्हा उठला नाही. त्याची विधवा ओर्सोला तेव्हा चौतीस वर्षांची होती. लग्नात तिने आणलेला हुंडा, सोन्याचे सहाशे दुकात, नवऱ्याने कारखान्यात गुंतवला होता. तो माझ्या तिसऱ्या पानावर तिच्या नावाखाली उजव्या बाजूला जमा होता. व्हेनिसचा रिवाज असा की विधवेने वर्ष आणि एक दिवस एवढ्या मुदतीत न्यायाधीशांपुढे पुरावा मांडून हुंडा परत मागावा. मुदत टळली की मागणे लुळे पडते. ओर्सोलाचा पुरावा मी होते. तिच्यासाठी शेवटची तारीख ४ एप्रिल १५३३.

हिवाळ्यात दिवाणजींनी तेरीज काढली. तेरीज म्हणजे माझ्या सर्व पानांची परीक्षा: एका कागदावर डावीकडे सगळे नावे, उजवीकडे सगळे जमा, आणि दोन्ही बेरजा सारख्या आल्याच पाहिजेत. डावीकडे अकरा हजार तीनशे सेहेचाळीस आले. उजवीकडे अकरा हजार दोनशे बासष्ट. दिवाणजींनी बेरीज सात वेळा केली. फरक चौऱ्याऐंशीवरून हलला नाही.

धाकटा भाऊ वेत्तोर जात्याच संशयी. नाणे मिळाले तर चावून पाहणारा, आणि चावून झाल्यावर आपल्या दातावर संशय घेणारा. दोन वर्षे तो घोकत होता की आपला वाटा कुठेतरी कमी पडतोय. आता त्याच्या हाती कोलीतच मिळाले.

“वहिनी, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण जी वही चौऱ्याऐंशीचं खोटं बोलते, तिच्या तिसऱ्या पानावरचे तुमचे सहाशे तेवढे खरे कशावरून? वही जुळेपर्यंत मी न्यायाधीशांपुढे हो म्हणणार नाही.”

“भावजी, माझ्या बापाने पैसे मोजले तेव्हा तुम्ही तिथंच बसला होतात. बदामाची वडी खात.”

“वडी आठवते. पैसे मोजलेले आठवत नाहीत.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “मला विचारा, तर दिवाणजींच्या मुलीचं लग्न झालं गेल्या वर्षी. झकास झालं म्हणे. चौऱ्याऐंशीत होतं तसं.”

तादिओ दारातच उभे होते. त्यांनी हे ऐकले. त्यांनी ऐकले, हे ओर्सोलाने पाहिले.

त्या संध्याकाळपासून दिवाणजींच्या पिशवीची झडती सुरू झाली. ते घरी निघाले की ओर्सोला दारात हात पुढे करी. ते पिशवी देत आणि खिडकीतून कालव्याकडे पाहत उभे राहत. पिशवीत रोज तेच: पावाचा तुकडा, अर्धा कांदा, चष्म्याचे घर आणि शिरक्यातल्या तारल्यांचे रिकामे मडके. ओर्सोला मडक्यातसुद्धा नाक घाली. मी हे सारे मेजावरून पाहत होते. माझ्याही मनात आले होते की माणूस कांद्याआड काय काय लपवू शकतो, कोणी सांगावे. चार वर्षे मला जिवापाड जपणाऱ्या त्या हातांवर मी संशय घेतला, मित्रांनो. ही माझी चूक, आणि ती मी माझ्याच नावे लिहिते.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा पहिला दिवस उजाडला. मुदत संपायला सदतीस दिवस उरले. ओर्सोला वर आली, माझे बक्कल उघडले आणि म्हणाली, “दिवाणजी, मला जमाखर्च शिकवा.”

“कशासाठी, मालकीणबाई?”

“चोर पकडायला.”

“आणि चोर म्हणजे मी.”

“ते वही सांगेल.”

तादिओंनी चष्मा पुसला. “शिकवतो. ज्या दोरीनं मला बांधायचं, ती कशी वळतात हेही माझ्याकडूनच शिका. निदान गाठ तरी नीट बसेल.”

शिकवणी पहिल्याच धड्यावर अडली. तादिओ म्हणाले, “रोख पैसे देऊन राख घेतली. काय लिहाल?”

“रोख गेली. म्हणजे रोखीच्या नावे.”

“चूक. राखेच्या नावे, रोखीला जमा.”

“अहो, पैसे गेले आणि जमा कसे? मला रडू येतंय की हसू, तेच कळत नाही.”

“नंतर हसा. आधी पेटीला माणूस समजा. पेटीनं पैसे दिले, देणाऱ्याचं जमा. राखेच्या कोठारानं माल घेतला; घेणाऱ्याच्या नावे. कोणी घेतल्याशिवाय कोणी देत नाही, म्हणून प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि एक पक्कं बांधा गाठीला: वही बघते ती दुकानाच्या डोळ्यांनी. तुमच्या खिशातून नाही, माझ्या खिशातून नाही.”

“मग माझे सहाशे?”

“तुम्ही दिलेत, दुकानानं घेतलेत. म्हणून तुमच्या पानावर उजवीकडे.”

तिने स्वतःच तिसरे पान काढले आणि त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली. बोट तेलकट होते. तो डाग अजून आहे.

सरावासाठी ओर्सोलाने घरखर्चाची एक छोटी वही शिवली. तिच्यात परटीण, कोळीण, पाववाला अशी खाती मांडली. सकाळी ती शिके, दुपारी चौऱ्याऐंशी शोधे. कीर्दीची प्रत्येक ओळ तिने पाहिली. चौऱ्याऐंशी दुकातांचा व्यवहार चार वर्षांत झालाच नव्हता. एका तिरप्या रेघेची, म्हणजे अर्धवट उतरलेली ओळ शोधली. सगळ्या ओळींवर दोन-दोन रेघा होत्या. मी एकेकावर संशय घेत गेले. कीर्दीवर घेतला, ती माझी बहीण, पण सोज्वळ दिसणाऱ्या बहिणीच अधिक पाहाव्या लागतात. वेत्तोरवर घेतला. पैशांच्या पेटीच्या किल्लीवर घेतला. स्वतःवर मात्र घेता येईना. माझ्यावर जे लिहिले आहे तेवढेच मला ठाऊक; ते बरोबर की चूक, हे वहीला उमगत नाही. त्यासाठी वाचणारा लागतो.

संध्याकाळी झडती चालूच होती. एकदा तादिओ म्हणाले, “मालकीणबाई, उद्या तारल्या दोन जास्त आणतो. वासावरच भागवता, बरं दिसत नाही.” ओर्सोला हसली नाही. पिशवी मात्र तिने जरा लवकर परत दिली.

मार्च संपला. एप्रिलच्या दुसऱ्या तारखेच्या सकाळी ओर्सोला तणतणत वर आली. तिची छोटी वही जुळत नव्हती.

“सहाचा फरक! आणि सहाची रक्कमच नाही कुठं. अख्खी सकाळ गेली. शेवटी काय, तर परटिणीचे तीन. तिनं कपडे धुतले, तिचे तीन जमा करायचे, तर मी टाकले तिच्याच नावे. उजवीकडचे तीन गेले डावीकडे. एकीकडे तीन कमी, दुसरीकडे तीन जास्त, झाले की सहा!”

तादिओ लेखणी टोकरत होते. त्यांचा चाकू थांबला.

“पुन्हा सांगा.”

“चूक तिनाची, फरक सहाचा. दुप्पट.”

“चौऱ्याऐंशीचे निम्मे?”

“बेचाळीस,” ओर्सोला म्हणाली आणि खालीच बसली. “दिवाणजी, हे तुम्हाला आधी का नाही सुचलं?”

“कारण ती शिकाऊ माणसाची चूक आहे. मी ती करीत नाही. आणि या खतावणीत माझ्याशिवाय...” ते बोलता बोलता अडखळले. “माझ्याशिवाय फक्त सहा दिवस दुसऱ्यानं लिहिलंय. मी तापानं पडलो होतो तेव्हा. मोठे मालक पुलियाला तेलाच्या खरेदीला गेले होते.”

“मग लिहिलं कुणी?”

तादिओंनी कीर्द ओढली.

“थांबा,” ओर्सोला म्हणाली. “रोज मी वाचते आणि खतावणीत तुम्ही बघता. आज उलट. तुम्ही कीर्द वाचा, खतावणी मी बघणार.”

“का?”

“तुमच्यावर विश्वास नाही म्हणून.”

“ठीक. हे उत्तर जमाखर्चाला धरून आहे.”

बेचाळीस दुकातांचे व्यवहार चार वर्षांत पाच निघाले. पहिले तीन दोन्ही पानांवर जागच्या जागी होते. चौथा तादिओंनी वाचला: “चौदा नोव्हेंबर पंधराशे तीस. राखेच्या जहाजाचं भाडं भरायला धाकट्या मालकांनी पदरचे पैसे पेटीत टाकले. रोख नावे, वेत्तोर जमा, बेचाळीस.”

रोखीच्या पानावर डावीकडे बेचाळीस होते. ओर्सोलाने वेत्तोरचे पान काढले. उजवीकडे वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. काही नाही. मग तिची नजर डाव्या पानावर गेली. तिथे ते बेचाळीस ऐटीत बसले होते. शेवटच्या रेघेची शेपटी वाम माशासारखी दोन वेटोळी घेऊन खालच्या ओळीत शिरली होती. आपल्या खिशातून पैसे गेले, एवढे वेत्तोरने पाहिले आणि ते आपल्याच नावे टाकले. दुकानाच्या डोळ्यांनी पाहायचे असते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. दोन ठिकाणी लिहून त्याने कीर्दीत दोन रेघाही इमानाने ओढल्या होत्या.

“दिवाणजी,” ओर्सोला हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या सगळ्या ओळींशेजारी टिंब आहे. याच ओळीला नाही.”

तादिओंनी चष्मा काढला. “बरा होऊन आलो तेव्हा पडताळा केला होता. मालकाचं अक्षर दिसलं. मालकाच्या ओळीवर टिंब मारायची माझी टाप नव्हती. गेल्या पाच आठवड्यांतही ते पान उलटलं, ते शेपूट पाहिलं आणि पुढं गेलो. सगळ्यांवर संशय घेतला, मालकीणबाई. एकाला तेवढं सोडलं.”

मित्रांनो, आपल्या अंगावरची चूक अडीच वर्षे वागवूनही ती आपल्याला दिसू नये, याची मला तेव्हा जी लाज वाटली ती सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वेत्तोरला वर बोलावले. पान पाहून तो उसळला. “मी? माझ्या हातून चूक? हे अक्षर माझं नव्हेच! कुणीतरी माझी नक्कल केलीय.”

“असेल, भावजी,” ओर्सोला शांतपणे म्हणाली. “मग राहू द्या. नाहीतर ही ओळ दुरुस्त केली की तुमच्या खात्यात चौऱ्याऐंशी दुकात वाढतात. पण अक्षरच तुमचं नाही म्हटल्यावर...”

“जरा थांबा, वहिनी. उजेडात धरा बघू.” तो इतका वाकला की त्याच्या दाढीचे केस माझ्या पानाला लागले. “हं. शेपटी माझीच. अशी शेपटी दुसरा कोण काढणार?” मग एकदम ताठ होऊन तो म्हणाला, “मी म्हणत नव्हतो? दोन वर्षं सांगतोय, माझा वाटा कमी पडतोय!”

“म्हणत होतात. चोराचा पत्ता तेवढा चुकला.”

खरोखरच तो बरोबर होता. त्याचा वाटा कमी पडत होता, आणि तो त्यानेच कमी केला होता.

दुरुस्ती ओर्सोलाने आपल्या हाताने केली. चुकीची ओळ तिने खोडली नाही. समोरच्या पानावर तेवढीच उलटी ओळ लिहून दोघींपुढे फुली केली, आणि तिच्याखाली खरी ओळ लिहिली. उजवीकडे बेचाळीस आणि बेचाळीस वाढले. तेरीज पुन्हा निघाली: डावीकडे अकरा हजार तीनशे सेहेचाळीस, उजवीकडे अकरा हजार तीनशे सेहेचाळीस. वेत्तोरने ती तीनदा तपासली आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या बोटांकडे संशयाने पाहिले.

४ एप्रिलला मी न्यायाधीशांपुढे गेले. तिथल्या लेखनिकाने माझी पाने दोनदा मोजली: एकशे ब्याण्णव. तिसऱ्या पानावरचे सहाशे दुकात मान्य झाले. ओर्सोलाने ते उचलून नेले नाहीत, कारखान्यातच ठेवले. मात्र आता ती वेत्तोरची भागीदार म्हणून वरच्या खोलीत बसू लागली.

त्या संध्याकाळी तादिओ निघाले. सवयीने त्यांनी पिशवी पुढे केली. ओर्सोलाने हात मागे घेतला.

“नको, दिवाणजी. मला लाज वाटते. यापुढं तुमची एक ओळसुद्धा तपासणार नाही.”

“म्हणजे धाकट्या मालकांच्या बाबतीत जे मी केलं, तेच तुम्ही माझ्या बाबतीत करणार,” तादिओ म्हणाले. “मग मी उद्यापासून येत नाही.”

“मग काय करू?”

“दर शनिवारी माझ्या ओळींवर तुम्ही टिंब मारा. तुमच्या ओळींवर मी मारीन. धाकट्या मालकांच्या ओळींवर दोघं मारू. एकही सोडायची नाही, कुणाचीही नाही. पण या पिशवीला पुन्हा हात लागता कामा नये.”

“नाही लागणार.”

“उद्या तारल्या दोन जास्त आणतो,” ते म्हणाले आणि जिना उतरले.

मग माझे दिवस सरले. माझ्यातल्या शिल्लका नव्या खतावणीत गेल्या आणि मी त्याच खोलीत फळीवर चढले. तिथून मी पुढची अनेक वर्षे ते शनिवार पाहिले. नंतरच्या पिढीला माझी ओळख राहिली नाही. कोणीतरी माझी अकरा पाने फाडून त्यांत साबणाच्या वड्या बांधल्या. मुखपृष्ठाचा कोपरा उंदरांनी नेला. आज मी सरकारी दप्तरखान्यात पडून आहे. मला उघडणारे हातमोजे घालतात, आणि पाने अजून मोजली जातात. ती आता एकशे एक्क्याऐंशी भरतात.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी वही धराल. तिला ओल लागू देऊ नका, तिची पाने फाडू नका, चूक झाली तर खोडू नका. समोर खरे लिहा. आणि संशय अवश्य घ्या. पण तो ओळीवर घ्या. मालकाच्या, मित्राच्या, स्वतःच्या, सगळ्यांच्या ओळींवर सारखाच घ्या. ज्याच्या ओळी रोज तपासल्या जातात त्याच्या पिशवीत कोणाला हात घालावा लागत नाही. हे मला फार उशिरा कळले. तुम्हाला वेळेवर कळावे, एवढीच विनंती.

तादिओ त्यानंतर अकरा वर्षे कामावर आले. त्याचा हिशेब असा: शनिवार पाचशे बाहत्तर. सापडलेल्या चुका एकोणीस. पिशवीची झडती शून्य.